नामदार गोपाळ कृष्ण गोखले : एका शिक्षकाचे देशकार्य

दि. १९ मार्च १९१२ रोजी कलकत्ता येथे व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात एका विधेयकावर मते घेण्यात आली. विधेयक निवड समितीकडे पाठवावे की नाही, एवढाच प्रश्न होता. बाजूने १३ मते पडली आणि विरुद्ध ३८. हिंदुस्थानातील मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून वरिष्ठ कायदेमंडळात मांडलेले विधेयक अशा रीतीने पहिल्याच पायरीवर निकालात निघाले. ते मांडणारे सभासद त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचे होते. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत असल्याने निकाल काय लागणार हे त्यांना आधीच माहीत होते. तरीही दोन दिवस ते आकडे, दाखले आणि आक्षेपांची उत्तरे मांडीत राहिले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सबंध आयुष्याची ओळख या दोन दिवसांत होते, असे मला वाटते.

आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी अंकासाठी एखाद्या राष्ट्रपुरुषाचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा लोकमान्यांचे नाव प्रथम पुढे येणे स्वाभाविक होते. लोकमान्य आणि महात्माजी आपल्या मुलांना ठाऊक आहेत. गोखले मात्र पुष्कळांना एका गोष्टीपुरतेच ठाऊक असतात. दुसऱ्याच्या मदतीने गणित सोडविले असता गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा गोपाळ रडू लागला, ही ती गोष्ट. गोष्ट चांगली आहे. परंतु तिच्यामुळे गोखले आपल्या मनात कायमचे दहा वर्षांचे राहून गेले. पुढचे गोखले त्याहून पुष्कळ मोठे आहेत, आणि बडोद्यातील मराठी शाळेशी त्यांचा संबंधही आपण समजतो त्याहून जवळचा आहे.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या आजोळच्या गावी झाला. घराणे चिपळूणजवळच्या ताम्हनमळ्याचे. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातील कागल येथे साध्या नोकरीवर होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत सारे घर. पुढे महाविद्यालयाच्या खर्चाची अडचण आली तेव्हा वहिनींनी अंगावरचे दागिने पुढे केले, असे चरित्रकार सांगतात. गणिताच्या गोष्टीपेक्षा आठ रुपयांचा हा हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या शिक्षणाची किंमत कोणी तरी दुसऱ्याने मोजली आहे, ही जाणीव या मुलाच्या मनात फार लवकर रुजली आणि शेवटपर्यंत गेली नाही.

कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. त्या काळच्या पदवीधराला सरकारी नोकरीची दारे उघडी होती, वकिलीचा मार्गही होता. घरच्यांची अपेक्षा तीच होती, आणि ती अवाजवी म्हणता येत नाही. परंतु पुण्यात १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते, थोड्याच काळात आगरकर त्यांना येऊन मिळाले होते, आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. गोखले १८८५ मध्ये पस्तीस रुपये पगारावर या शाळेत शिक्षक झाले. पुढच्याच वर्षी ते संस्थेचे आजीव सभासद झाले; म्हणजे अल्प वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे व्रत त्यांनी घेतले. थोरल्या भावाची समजूत कशी पटली असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी असा निर्णय कधी झाला आहे त्यांनाच येईल.

फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. ज्या विषयाला शिक्षक नसेल तो विषय गोखल्यांकडे येई. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले आणि हिंदुस्थानातील इतर भाषांतही गेले. सुट्टी लागली की संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडावे लागे. शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांना या कामाचे वेगळे वर्णन करून सांगावयास नको. ज्यांना पुढे व्हाइसरॉय ऐकत बसले, त्यांनी तरुणपणी किती उंबरठ्यांवर किती वेळा थांबावे लागते याचा अनुभव घेतला होता.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यांना गुरू म्हणून लाभले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम आणि सरकारकडे जाणारे अर्ज व निवेदने यांच्या निमित्ताने रानड्यांनी या तरुण प्राध्यापकाला अक्षरशः कित्त्याला बसविले. सरकारी अहवाल वाचावयाचे, आकडे ताडून पाहावयाचे, एकेक विधान पुराव्यावर उभे करावयाचे, आणि एवढे करूनही गुरूचे समाधान झाले नाही तर पुन्हा लिहावयाचे, असे वर्षानुवर्षे चालले. आगरकरांच्या ‘सुधारका’चा इंग्रजी भागही काही काळ गोखल्यांनी सांभाळला.

टिळकांशी मतभेद झाले तेही याच संस्थेत. आजीव सभासदांनी आपला वेळ आणि बाहेरची मिळकत कोठवर संस्थेला द्यावी, हा वादाचा मूळ प्रश्न होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्याने तो विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. दोघेही चित्पावन, दोघेही कोकणातले, दोघेही गणिताचे शिक्षक. आणि तरीही पुढची पंचवीस वर्षे महाराष्ट्राच्या राजकारणाचे दोन काठ. कोणाचे बरोबर होते, याचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. मात्र मवाळ म्हणजे भित्रे आणि जहाल म्हणजे शूर, अशी जी सोपी वाटणी आपल्याकडे झाली, तिने गोखल्यांवर अन्याय केला असे माझे मत आहे.

एक गोष्ट स्त्री म्हणून मला नोंदविली पाहिजे. पहिली पत्नी सावित्रीबाई आजारी होत्या. त्या हयात असतानाच कुटुंबाच्या आग्रहाखातर गोखल्यांनी दुसरा विवाह केला. सुधारकांच्या पंक्तीत बसणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील ही विसंगती त्या काळीही लोकांच्या डोळ्यांत आली होती. तिला झाकण्याचे कारण नाही. दुसऱ्या पत्नीही त्यांना अल्पकाळच लाभल्या. मागे काशीबाई आणि गोदूबाई या दोन मुली राहिल्या.

१८९७ साल हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्ष. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. त्यांचे वय अवघे तीस. दादाभाई नौरोजी, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा अशा वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने या प्राध्यापकाची साक्ष झाली आणि उलटतपासणीत त्यांचा एकही आकडा डळमळला नाही, असा लौकिक झाला. परंतु त्याच दिवसांत पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी जो उच्छाद मांडला होता, त्याची पत्रे त्यांना येत होती. त्या पत्रांच्या आधारे स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप त्यांनी तेथील वृत्तपत्रांतून केला. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सारे वातावरण पेटले. मुंबई सरकारने आरोपाचा इन्कार करून पुरावा मागितला. गोखले मायदेशी परतले तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्यापैकी कोणी उघडपणे उभे राहावयास तयार होईना. त्यांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेणे गोखल्यांना मान्य नव्हते. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

पुण्यात त्यांची छीथू झाली. त्याच वर्षी अमरावतीला काँग्रेस भरली, तेथेही त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते आणि लोकांच्या मनात दोन चित्रे शेजारीशेजारी उभी राहिली. गोखले काही काळ सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीसे झाले. पण ते घरी बसले नाहीत. प्लेगच्या साथीत मदतकार्य करण्यासाठी त्यांनी स्वयंसेवक उभे केले आणि स्वतः रुग्णांच्या वस्तीत गेले. मग हळूहळू, कोणतेही समर्थन न मांडता, ते कामावर परत आले. १८९९ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात आणि १९०१ मध्ये फिरोजशहा मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांची निवड झाली.

२६ मार्च १९०२ रोजी अर्थसंकल्पावर त्यांनी तेथे पहिले भाषण केले. सरकारची तिजोरी कोट्यवधींच्या शिलकीने भरली होती आणि त्याबद्दल सरकार स्वतःचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखविले की दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे, म्हणून ही शिल्लक दिसते. मिठासारख्या वस्तूवर गरिबाने इतका कर का द्यावा, हा त्यांचा प्रश्न होता. लॉर्ड कर्झनचे आणि त्यांचे कधीच पटले नाही; परंतु १९०३ मध्ये मिठावरील कर अडीच रुपयांवरून दर मणी दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. ज्या मिठासाठी पुढे दांडीयात्रा निघाली, त्याच मिठाचा लढा कौन्सिलात आकड्यांनी लढला गेला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

१९०२ मध्येच त्यांनी फर्ग्युसन सोडले. शिक्षकाचा पेशा मात्र सुटला नाही. १२ जून १९०५ रोजी पुण्यास, फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर, द्रविड, पटवर्धन आणि देवधर या तीन सहकाऱ्यांसह त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देश प्रथम, स्वतःसाठी पैसा मिळविण्याच्या मागे लागावयाचे नाही, जात व धर्म न पाहता सर्व हिंदवासीयांना बंधू मानावयाचे, कोणाशी वैयक्तिक भांडण करावयाचे नाही, असे त्यांचे स्वरूप होते. त्यानंतर पाच वर्षे शिक्षण. देशसेवा करावयाची तर देश आधी अभ्यासला पाहिजे, हा रानड्यांचा धडा त्यांनी संस्थेच्या रूपाने उभा केला. दोन वर्षांनी मद्रासेकडचे शाळाशिक्षक श्रीनिवास शास्त्री येऊन मिळाले आणि गोखल्यांच्या मागे तेच समाजाचे अध्यक्ष झाले. त्याच १९०५ सालच्या डिसेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गोखले बनारस काँग्रेसचे अध्यक्ष होते. पुढची सुरतेची फूट, मोर्ले-मिंटो सुधारणा, विलायतेच्या फेऱ्या हा सारा इतिहास पुस्तकांत आहे. तो मी येथे सोडून देते.

आता त्या विधेयकाकडे वळते. १९०४ मध्ये सरकारनेच शिक्षणविषयक ठरावात मान्य केले होते की पाचांपैकी चार गावांत शाळा नाही, चारांतील तीन मुलगे शिक्षणावाचून वाढतात आणि चाळीस मुलींत एखादीच शाळेत जाते. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी या प्रश्नावर कौन्सिलात ठराव आणला. लोकसंख्येच्या अवघे १.९ टक्के लोक प्राथमिक शाळांत आहेत, हे त्यांनी दाखवून दिले आणि इतर देशांचे आकडे शेजारी ठेवले. आश्वासन मिळाल्यावर ठराव मागे घेतला. आश्वासनातून काही निष्पन्न होईना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी विधेयकच मांडले.

येथे आपले बडोदे येते. हिंदुस्थानात सक्तीचे शिक्षण शक्य नाही, लोक ते सोसणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना गोखल्यांजवळ एक उत्तर तयार होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला होता. एक देशी संस्थान जे करू शकते ते साम्राज्य सरकारला का जमू नये, हा युक्तिवाद खोडणे सोपे नव्हते. ज्या शहराचे उदाहरण पुण्याच्या एका शिक्षकाने कलकत्त्यात साऱ्या देशापुढे ठेवले, त्या शहरात आपली शाळा उभी आहे.

विधेयकातील मागणी पाहिली तर तिच्या नेमस्तपणाचे आज आश्चर्य वाटते. सक्ती एकदम देशभर नव्हतीच. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथील नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने, तेही सरकारच्या संमतीने, ती सुरू करावयाची. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. महिना दहा रुपयांपेक्षा अधिक मिळकत नसलेल्या पालकाकडून फी घ्यावयाची नाही. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. आणि सक्ती प्रथम मुलग्यांनाच. मुलींना ती मागाहून लावता येईल. या शेवटच्या कलमाशी मी दर वेळी अडखळते. बडोद्याच्या कायद्यात मुली पहिल्यापासून होत्या. विरोध कमी व्हावा म्हणून गोखल्यांनी हे पाऊल आखडते घेतले हे कळते, पटत नाही. शिवाय त्यामुळे विरोध कमी झालाच नाही. सरकारला खर्च नको होता. काही जमीनदारांना शेतावरची आणि घरातली पोरे शाळेत जावयास नको होती. पंडित मालवीय, बॅरिस्टर जिना असे सभासद गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी आकडा तेरावर थांबला. कायदा झाला तो त्यांच्या मागे, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने, आणि तोही मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

त्या पराभवानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९१२ मध्ये, गोखले दक्षिण आफ्रिकेत उतरले. गांधीजींच्या विनंतीवरून तेथील हिंदी लोकांची स्थिती पाहण्यासाठी ते गेले होते. करारबंद मजुरांचा प्रश्न त्यांनी कौन्सिलातही लावून धरला होता. या दौऱ्यातील एक प्रसंग महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. गोखल्यांची कीर्ती इंग्रजी वक्तृत्वाची; त्यांचे बहुतेक सारे सार्वजनिक लेखन आणि भाषण इंग्रजीत झाले, आणि मराठी भाषेची ती हानीच होय. पण आफ्रिकेतील एका सभेस कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू आले होते व गोखल्यांनी मराठीत बोलावे अशी त्यांची इच्छा होती. गांधीजींनी ती गोखल्यांना कळविली आणि मराठीचा हिंदुस्थानीत अनुवाद करण्याचे काम स्वतःकडे घेतले. गांधीजींच्या मराठीविषयी गोखल्यांना शंका होती आणि त्यांनी थट्टाही केली. मात्र अनुवाद ऐकल्यावर त्यांचे समाधान झाले, आणि तेथून परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलले. रत्नागिरीच्या खेड्यात शिकलेली बोली समुद्रापलीकडे, मुसलमान आणि हिंदू अशा दोन्ही श्रोत्यांपुढे उभी राहिली.

परतल्यावर प्रकृती साथ देईना. तरी १९१३ मध्ये आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी निधी जमविण्याकरिता ते देशभर हिंडले. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी मायदेशी आले तेव्हा आजारी असूनही गोखले त्यांच्या स्वागतास मुंबईला गेले. गांधीजींनी एक वर्ष देश पाहावा, मगच बोलावे, असा सल्ला त्यांनी दिला. आधी अभ्यास, मग भाष्य. रानड्यांकडून घेतलेले त्यांनी पुढच्या शिष्याच्या हाती दिले. पुण्यात गांधीजींच्या भेटीसाठी मंडळी जमली असताना त्यांना मूर्च्छा आली. शुद्धीवर येताच कार्यक्रम चालू ठेवण्याचा निरोप त्यांनी पाठविला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. मंडालेहून सुटून त्यांना वर्षही झाले नव्हते, आणि काँग्रेसमध्ये पुन्हा एकत्र येण्याच्या वाटाघाटी याच दोघांच्या मतभेदांमुळे काही आठवड्यांपूर्वी फिसकटल्या होत्या. वार्ता कळताच टिळक गड उतरून आले आणि अंत्ययात्रेस हजर राहिले. स्मशानात चितेजवळ उभे राहून त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की आज टाळ्या वाजविण्याचा दिवस नाही, या माणसाची जागा भरून काढण्याचा प्रयत्न करण्याचा आहे. मग त्यांनी ‘केसरी’त गोखल्यांवर मृत्युलेख लिहिला.